पासष्टी उलटली की २१ हजारांची अट

निलंगा तालुक्यातली ६४ वर्षांची एखादी शेतमजूर बाई डोळ्यांपुढं आणा. ‘लाडकी बहीण’चे १५०० रुपये तिच्या खात्यावर पडतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं की पुरतं. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली की हे पैसे थांबतात. पुढचा रस्ता श्रावणबाळ या वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेचा. रक्कम तीच, १५०० रुपये. तिजोरीही तीच. उत्पन्नाची मर्यादा मात्र २१ हजार, म्हणजे महिन्याला १७५० रुपये.

खुरपणीला बोलावणं येईनासं होतं त्या वयात सरकार तिला आधीपेक्षा जवळपास बारापट गरीब असल्याचं सिद्ध करायला सांगतं. निराधारांच्या योजनांत आज काही एकच बदलायचं म्हटलं, तर ही अट बदला.

संजय गांधी निराधार योजना अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० मध्ये सुरू झाली. तिचं आणि श्रावणबाळचं अनुदान रखडत का होईना वाढलं: २०१९ मध्ये ६०० चं १००० झालं, २०२३ मध्ये १५००, ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २५००. दिव्यांगांची उत्पन्न मर्यादाही ५० हजारांवर नेली. पण २०२३ च्या वाढीतही म्हाताऱ्यांची आणि विधवांची मर्यादा २१ हजारांवरच राहिली.

२०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. घरातल्या एकानं ६८ दिवस हमीचं काम केलं की २१ हजार ओलांडले. आणि हमी तर १०० दिवसांची होती! सोयाबीनची काढणी, ऊसतोडीची उचल यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. मग होतं काय, तर दाखल्यावरचा आकडा मर्यादेत बसवून घ्यावा लागतो. सेतू केंद्रापासून तहसीलपर्यंत हे सगळ्यांना ठाऊक असतं. निराधारचा पगार हक्काचा असूनही माणूस कुणाच्या तरी उपकाराखाली जातो, आणि ज्याला ओळखपाळख नाही तो बाहेरच राहतो. हे मला सगळ्यांत जास्त खुपतं.

निलंग्याला वर सीमेचं दुखणं आहे. कर्नाटकातल्या भालकी-बसवकल्याणकडच्या लेकी इथं नांदायला येतात. शाळेत गेल्या असतील तर दाखला कन्नडमधला, न गेलेल्यांकडं तोही नाही. वयाचा पुरावा जमवण्यातच हेलपाटे.

खरं तर यातली बरीच कागदपत्रं सरकारकडं आधीच आहेत. लाडक्या बहिणीचं आधार, बँक खातं, जन्मतारीख, सगळं नोंदलेलं आहे. डिसेंबर २०२४ पासून निराधारांचे पैसेही थेट खात्यावर देण्याची पद्धत सुरू झाली. मग ६५ पूर्ण होणाऱ्या बाईचं नाव नवा अर्ज न मागता श्रावणबाळच्या यादीत सरकवता येईल. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते, त्याच वेळी विधवेचा अर्जही भरून घ्यावा. उत्पन्नाची मर्यादा लाडकी बहीण आणि निराधार दोन्हीकडं एकच ठेवावी, अडीच लाखांची.

खर्च वाढेल, आणि तो एकट्या राज्यानं उचलावा असं नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत ७९ वर्षांपर्यंतच्या माणसामागं दिल्लीहून महिन्याला २०० रुपये येतात, ८० नंतर ५००. लातूर-नांदेडच्या खासदारांनी हा वाटा वाढवून मागावा.