कोडिंगचं शुद्धलेखन

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं, तेवढं पोटात घाला. पण आजचा विषय कोडमधल्या शुद्धलेखनाचा, म्हणजे कोडिंग स्टँडर्डचा. त्याचं महत्त्व मला शिकवलं ते बादलीभर पाण्याने!

थर्ड इयरचा मिनी प्रोजेक्ट. टाकीतली पातळी बघून पंप चालू-बंद करायचा. चिप एटीमेगा ३२. सेन्सर बिघडला तरी ठरावीक वेळाने पंप बंद झाला पाहिजे, हा भाग माझ्याकडे होता. १० सेकंदांची मर्यादा लावून टेस्ट केलं, एकदम ओके. डेमोच्या दिवशी सकाळी ती ६० सेकंद केली. सर समोर बसलेले, सेन्सर मुद्दाम काढलेला... आणि पंप थांबेचना! पाणी टेबलावरून खाली. लॅबचे काका फडकं घेऊन धावले. चूक माझी एकटीची, मार्क मात्र चौघांचे गेले.

कारण काय? वेळ मी मिलिसेकंदात मोजत होते आणि व्हेरिएबल साधा 'इंट' घेतला होता. लॅपटॉपवर इंट सहसा ३२ बिटचा असतो, या चिपच्या कंपायलरमध्ये तो १६ बिटचा. त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. त्यामुळे साधारण ३३ सेकंदांनी आकडा उलटून उणे ३२७६८ झाला. ६०००० तो गाठणार कधी?

नंतर फायनल इयरच्या एका ताईने 'मिस्रा सी'बद्दल सांगितलं. गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरसाठी ब्रिटनमधल्या मोटार उद्योगाने १९९८ मध्ये १२७ नियम काढले. २००४ आणि २०१२ मध्ये, आणि त्यानंतरही, त्यांच्या सुधारित आवृत्त्या आल्या. त्यातलाच एक सल्ला: नुसतं इंट लिहू नका, आकार नावातच दिसू दे, जसं 'यूइंट३२_टी'. तेवढं पाळलं असतं तर आकडा जवळजवळ ५० दिवस उलटला नसता!

बाकीचे नियमही असेच साधे आहेत. 'इफ'नंतर एकच ओळ असली तरी महिरपी कंस द्या, म्हणजे उद्या कोणी दुसरी ओळ घातली तर ती बाहेर पडणार नाही. प्रत्येक 'स्विच'ला 'डिफॉल्ट' हवाच. रिकर्शन नको, 'मॅलॉक' नको. आपल्या चिपमध्ये रॅम फक्त २ केबी, ती कधी संपेल ते आधी सांगता आलं पाहिजे ना! एखादा नियम मोडणं भागच असेल, तर कारण लेखी द्यायचं. मात्र काही नियमांना तीही सवलत नाही.

"इतके नियम पाळले तर सबमिशन कधी करणार?" असं रूममेट विचारते. माझं उत्तर एकच: निदान आकार, कंस आणि डिफॉल्ट एवढे तीन तरी आजपासून पाळा, आणि कंपायलरच्या वॉर्निंग वाचल्याशिवाय बंद करू नका. माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तुम्ही हसाल आणि सोडून द्याल. चिप हसत नाही, आणि फरशी पुसायला लागते ती काकांना.