कापशीची पाळत

घार म्हटली की ती कोंबडीची पिले पळवणारच, अशी आपली समजूत. त्यापायी कापशीलाही उगाच दगड खावे लागतात.

कावळ्याहून जरा लहान, वरून राखी, खालून पांढरी, खांदे काळे, डोळे लालभडक अशी ही घार गावाबाहेरच्या मोकळ्या शेतांवर सकाळी नि कलत्या उन्हात दिसते. तारेवर बसून ती जमीन न्याहाळते. मग शेतावर येऊन, पंख फडफडवीत हवेत एकाच जागी थांबते. खाली हालचाल दिसली की टप्प्याटप्प्याने उतरते आणि शेवटी पंख वर उभारून, पाय खाली सोडून गवतात पडते. पुष्कळदा रिकाम्या पायांनीच उठते. पुन्हा तार, पुन्हा पाळत.

ती खाते काय, याचा पुरावा तिच्या बसण्याच्या झाडाखाली सापडतो. न पचलेला भाग ती गोळी करून तोंडावाटे टाकते. गोळी काडीने उकलून पाहा: उंदरांचे केस, हाडांचे तुकडे, कधी टोळांचे अवशेष. धान्य बिळात ओढून नेणारा उंदीर हाच तिचा मुख्य घास. उंदीर मुबलक झाले की तिची वीणही वाढते.

मात्र शेतात ब्रोमॅडिओलोनसारखे सावकाश मारणारे विष घातले, तर सुस्तावलेला उंदीर तिला सहज सापडतो आणि विष तिच्याही पोटात जाते. रखवालदाराच्याच भाकरीत विष कालवल्यासारखे हे झाले. तेव्हा मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. आणि दगड उचलण्याआधी घटकाभर उभे राहून पाहावे, एवढीच विनंती.