नागीण आणि नातवंडे

मे महिना उजाडला की फ्रीमाँटच्या लेक एलिझाबेथभोवती फिरणाऱ्यांत पुण्या-नाशकाहून आलेले आजी-आजोबा दिसू लागतात. अशाच एखाद्या आजोबांच्या बरगडीखाली एक दिवस आग होऊ लागते. बॅगा उचलताना लचक भरली असेल, म्हणून ते गप्प राहतात. दोन-चार दिवसांनी तेथे पाणीदार फोडांचा पट्टा उठतो आणि घरात एकच घाबरट उद्गार निघतो : नागीण!

नागिणीचे तोंड व शेपटी जुळली की माणूस दगावतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वास्तविक हा पट्टा एका मज्जातंतूच्या वाटेने जातो आणि तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो. त्यामुळे वेटोळे सहसा पुरे होतच नाही.

ही नागीण बाहेरून आलेली नसते. लहानपणी कांजिण्या आल्या, तेव्हाचाच विषाणू कण्याजवळच्या मज्जापेशींत दडून बसलेला असतो; उतारवयात प्रतिकारशक्ती उणावली की तो जागा होतो. दोन्ही रोगांचा विषाणू एकच, हे टॉमस वेलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दाखवले. त्याची घडण पाहावी : आत डी.एन.ए.चा धागा, भोवती वीस त्रिकोणी पैलूंची प्रथिनांची डबी, वर स्निग्ध आवरण आणि त्यात खोवलेली प्रथिने. असे सुमारे पाच हजार विषाणू ओळीने मांडावेत, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो!

आजोबांकडून बाळाला नागीण होत नाही. कांजिण्या मात्र होऊ शकतात. अमेरिकेत कांजिण्यांची लस १९९५ पासून आहे, पण पहिली मात्रा बाळाला वर्ष पुरे झाल्यावरच देतात. तेव्हा फोडांवर खपली धरेपर्यंत ते झाकावेत व तान्ह्याला जवळ घेऊ नये. बाळंतपणासाठी आला असाल आणि मुलीला कांजिण्या झालेल्या नसतील, लसही टोचलेली नसेल, तर तिलाही जपावे.

लेप लावत बसू नये. विषाणूरोधक गोळ्या ७२ तासांत सुरू झाल्या तर गुण चांगला येतो. डोळ्याजवळ फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फोड सुकल्यावरही काहींना महिनोन्‌महिने वेदना छळतात, आणि खरा जाच तोच.

त्या आवरणावरच्याच एका प्रथिनापासून केलेली लस अमेरिकेत २०१७ पासून आणि भारतात २०२३ पासून मिळते. पन्नाशीपुढील माणसांना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा घ्याव्या लागतात. पाहुण्यांच्या विम्यात लसीचा खर्च सहसा धरत नाहीत. म्हणून आई-वडिलांची तिकिटे काढण्याआधीच त्यांना तिकडच्या डॉक्टरांकडे पाठवावे, असे आम्ही सुचवतो.