परतलेल्या लहरीची उलटतपासणी

पहिला रन नेहमी खळबळ बंद ठेवून करायचा. संगणकातल्या प्लाझ्माची घनता कडेपासून आत गुळगुळीत चढत जाते, अँटेना तिरकी लहर सोडतो आणि ती वळून भलतीकडे निघून जाते. अँटेनाकडे काहीच परतायला नको. तरी थोडं काही येतंच : आपल्याच प्रक्षेपणाची गळती, पेटीच्या कडांवरून उठलेला पडसाद. ते जपून ठेवायचं, कारण पुढच्या प्रत्येक रनमधून ते वजा होणार असतं.

हा सगळा खटाटोप डॉप्लर बॅकस्कॅटरिंग नावाच्या मोजणीसाठी. टोकामॅक नावाच्या यंत्रात चुंबकी क्षेत्राने कोंडलेल्या प्लाझ्मातली उष्णता बाहेर झिरपते ती बरीचशी बारीक भोवऱ्यांमुळे, आणि तिथे आत उपकरण खुपसायची सोय नाही. मग बाहेरून मायक्रोवेव्ह सोडायच्या. दर घनमीटरला ४ × १०¹⁹ इलेक्ट्रॉन झाले की ५७ गिगाहर्ट्झची साधी लहरही पुढे सरकत नाही. ती जिथे वळते तिथे, घनतेतल्या ज्या तरंगांची लांबी लहरीच्या तिथल्या लांबीच्या निम्मी असते, ते तिचा काही भाग उलट पाठवतात. वाहतूक पोलिसाच्या स्पीडगनसारखं, वारंवारता किती सरकली यावरून भोवऱ्यांचा वेग कळतो. किती शक्ती परतली यावरून खळबळीची तीव्रता. वेग बऱ्यापैकी भरवशाचा. तीव्रतेला मात्र आडवेतिडवे प्रश्न विचारावे लागतात, आणि माझ्या मते सिम्युलेशनचं खरं काम तेच आहे.

मॅक्सवेलची समीकरणं सोडवायला केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेली जाळी अजून पुरते. ६० गिगाहर्ट्झची लहर निर्वातात ५ मिलिमीटरची. तिच्या एका लांबीत २० घरं बसवायची, तर घर पाव मिलिमीटरचं. वीस सेंटिमीटरची पेटी सपाट घेतली तर ६ लाख ४० हजार घरं. घनाकृती घेतली तर ५१ कोटींच्या वर. वेळेचं पाऊल अर्ध्या पिकोसेकंदाहून लहान, नाहीतर आकडे फुगून फुटतात. सपाट पेटीवर भागवायचा मोह होतो तो म्हणूनच. पण इंग्लंडमधल्या कल्हमच्या मास्टसारख्या गोलसर टोकामॅकमध्ये बाहेरच्या कडेला चुंबकी क्षेत्ररेषा चांगल्याच तिरक्या असतात आणि भोवरे त्यांच्या बाजूने लांबट ओढलेले. लहर रेषांना काटकोनात भेटली नाही तर परतणारी शक्ती घसरते. सपाट पेटीला याचा पत्ताच नसतो. यॉर्क विद्यापीठातला ईएमआयटी-३डी हा कोड तिन्ही दिशा धरतो तो उगाच नाही.

एक सवलत मात्र मिळते. भोवरे बदलायला काही मायक्रोसेकंद लागतात. लहर पेटीतून जाऊन यायला दीड नॅनोसेकंदही लागत नाही. तेव्हा खळबळ गोठवायची. एक चित्र, एक रन. मग दुसरं चित्र. दर चित्राचा आकडा इतक्या उड्या मारतो की सरासरीशिवाय तो कुणाला दाखवू नये.

सरासरीचा आलेख आधी शहाण्यासारखा वागतो : घनतेतले चढउतार दुप्पट, परतलेली शक्ती चौपट. खळबळ आणखी वाढवली की रेघ अपेक्षेच्या वर उसळते आणि मग आडवी पडते. लहर आता वाटेतच अनेकदा विखुरत असते, झोत फाटलेला असतो. या आडव्या पट्ट्यात खळबळ वाढत राहते आणि अँटेनावरचा आकडा जागचा हलत नाही. म्हणून जोरदार खळबळलेल्या कडेतून घेतलेली मोजणी समोर आली की ती या पट्ट्यातली तर नाही ना, हे मी आधी विचारते. कोणत्या लांबीच्या तरंगांत किती खळबळ, त्या स्पेक्ट्रमच्या उताराची चर्चा त्यानंतर.