भिंतीचा ताप

‘धरणाच्या भिंतीला ताप आला तर तो कॅमेऱ्यात दिसतो का, बघून या,’ असं संपादकांनी अर्धवट थट्टेत सांगितलं. अकोले तालुक्यात ही थट्टा नाही. १९२६ साली पुरं झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण दगडी बांधणीचं, सुमारे ८२ मीटर उंच. १९६९ साली या भिंतीतून इतकी गळती झाली की पुढे मागच्या बाजूने बट्रेस बांधून तिला टेकू द्यावा लागला.

धरणाजवळच्या शेंडी गावात पोचलो ते मित्राचा थर्मल कॅमेरा घेऊन. मित्र एरवी त्याने वीजपेट्यांतली सैल जोडणी शोधतो. धरणावर कॅमेरा रोखायची मला परवानगी नव्हती. म्हणून मुक्कामाच्या घराची पश्चिमेकडची भिंत धरली. दुपारी चार वाजता पडद्यावर सगळी भिंत नारिंगी, खिडकीखाली मात्र ताटाएवढा पिवळाधमक डाग. डोळ्यांना तिथे काहीच वेगळं दिसेना. शेजारच्या गवंडीबाबांना बोलावलं. त्यांनी हातोडीची मूठ दोनदा ठोकली. ‘भद्द वाजतंय. गिलावा सुटलाय भाऊ.’ मागे हवा अडकली की उन्हाची ऊब आत उतरत नाही, वरच साचते. पहाटे तोच डाग आजूबाजूपेक्षा गार होता. बाबांना दोन सेकंद लागले, मला अख्खी रात्र. (त्यांनी कॅमेऱ्याची किंमत विचारली. मी विषय बदलला.)

तरी उष्णतेवरून दोष शोधण्याच्या या विद्येचं मला अप्रूप वाटतं, कारण तिची खरी सुधारणा कॅमेऱ्यात नसून ऊब देण्याच्या तऱ्हेत झाली. एकदाच झगझगीत दिवा मारला की पृष्ठभागावरचा काळा डागही दोष वाटतो. म्हणून उष्णता तालात द्यायची आणि ठिकठिकाणी तो ताल किती मागे पडतो ते मोजायचं. रंगाची फसवणूक बरीच कमी होते. पण एका तालात एकाच खोलीचा नीट अंदाज येतो. त्यावर आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी २००६ मध्ये ताल बदलत नेणारी पद्धत मांडली: मंद ताल खोल उतरतो, जलद ताल वरवर राहतो, आणि एकाच तपासणीत दोन्हींचं काम होतं. विमानाच्या पातळ, थरांच्या पत्र्यांसाठी हे उत्तम.

काळ्या दगडाचं गणित मात्र निष्ठुर आहे. खोली दुप्पट झाली की ऊब पोचायला वेळ चौपट. एक सेंटीमीटरला दोनेक मिनिटं, तर दहा सेंटीमीटरला तीन तास. दिवसभराचं ऊन जेमतेम वीतभर आत जातं, आणि धरणाची भिंत पायाशी कित्येक मीटर जाड. तिचं पोट पाहायचं तर अजून ध्वनिलहरी सोडाव्या लागतात, नाहीतर भोक पाडून दगडाचा गाभा काढावा लागतो. कॅमेरा एवढंच सांगतो की पाणी भिंतीच्या कातडीशी कुठे आलंय. तेसुद्धा उघाडीत. पावसात अख्खी भिंत ओली असते, पडदा एकरंगी होतो. आणि भंडारदरा भरतं ते नेमकं तेव्हाच.