आकड्यांपलीकडची माणसे

औद्योगिक क्रांतीचा इतिहास आपण शिकतो तो गिरणीमालकांच्या नावांनी आणि उत्पादनाच्या आकड्यांनी. चेशायर परगण्यातील स्टायल येथे सॅम्युएल ग्रेग यांनी १७८४ साली सूतगिरणी काढली. गरिबांच्या आश्रयगृहांतून आणलेली मुले तेथे प्रामुख्याने अन्न, वस्त्र व निवाऱ्यावर राबत. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली १८३७ साली. त्यापूर्वीच्या पूर्वजांचा माग काढणाऱ्यास चर्चच्या नोंदवह्या आणि उमेदवारीचे करारनामे धुंडाळावे लागतात. १८०६ मध्ये या गिरणीतून पळालेल्या दोन मुलांची दंडाधिकाऱ्यांपुढील जबानी उपलब्ध आहे. पळण्याचे कारण होते आईला भेटण्याची ओढ! ही ओढ कोणत्याही ताळेबंदात मांडली गेली नाही. घराण्यांचा शोध घेणारे सामान्य लोक ती नोंद आज इतिहासाच्या खाती जमा करीत आहेत. अर्थशास्त्राने त्यांचे ऋणी राहिले पाहिजे.