पाच ग्लायसिनांचा पूल

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू कित्येक निरोगी माणसांच्या नाकात वा त्वचेवर निमूटपणे वास्तव्य करून असतो. तोच शस्त्रक्रियेच्या जखमेत किंवा रक्तात शिरला, की प्राणावर बेतते. त्यातही ‘एमआरएसए’ या नावाने कुप्रसिद्ध झालेला त्याचा औषधांना न जुमानणारा प्रकार रुग्णालयांची कायमची डोकेदुखी होऊन बसला आहे. ‘द लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०१९ या एकाच वर्षात त्याच्या औषधप्रतिकारामुळे जगभरात एक लाखाहून अधिक माणसे दगावली. या चिवटपणाचे श्रेय सहसा ‘मेक-ए’ या एकाच जनुकाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे श्रेय जीवाणूच्या भिंतीत दडलेल्या एका चिमुकल्या पुलाचे आणि तो बांधणाऱ्या विकरांचे, म्हणजेच एन्झाइमांचे आहे.

या जीवाणूच्या आतील दाब सुमारे २० वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या कितीतरी पट असतो. तरीही तो फुटत नाही, कारण त्याच्याभोवती पेप्टिडोग्लायकॅनची जाळीदार भिंत असते. शर्करेच्या लांब साखळ्या हे या जाळीचे आडवे धागे. प्रत्येक धाग्यावर ठरावीक अंतराने पाच अमिनो आम्लांची एक छोटी शेपटी लोंबत असते. शेजारच्या धाग्यांच्या शेपट्या एकमेकींना जोडल्या गेल्या म्हणजे भिंतीला बळकटी येते. ई. कोलायसारख्या जीवाणूंत ही जोडणी बहुधा थेट होते. स्टॅफिलोकॉकसमध्ये मात्र दोन शेपट्यांच्या मध्ये पाच ग्लायसिनांचा पूल असतो. शेपटीतील तिसरे अमिनो आम्ल लायसिन. त्याच्या बाजूच्या हातातून ही फांदी फुटते आणि तिचे टोक शेजारणीच्या शेपटीला जाऊन मिळते. पूल लांब आणि लवचिक असल्याने दूरच्या शेपट्याही जुळू शकतात. या जीवाणूची भिंत कमालीची घट्ट विणलेली असते ती त्यामुळेच.

पेनिसिलिन घाव घालते ते शेवटच्या गाठीवर. शेपटीच्या टोकाशी असलेल्या दोन डी-अ‍ॅलानिनांची हुबेहूब नक्कल करून ते गाठ मारणाऱ्या विकरालाच जायबंदी करते. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जीवाणूंसाठी १९५९ साली ब्रिटनमध्ये मेथिसिलिन तयार झाले. पण १९६१ सालीच पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही पुरून उरणाऱ्या जीवाणूंची नोंद केली. असे जीवाणू ‘मेक-ए’ जनुकाच्या आधारे गाठ मारणारे एक पर्यायी विकर तयार करतात आणि त्यावर ही औषधे सहजी बसत नाहीत, हे पुढे उघड झाले. कोडे सुटले, असे वाटावे अशीच ही स्थिती होती.

ते सुटलेले नव्हते. झुरिच येथे ब्रिजिट बर्गर-बेखी यांनी अशा प्रतिकारक जीवाणूंच्या जनुकसंचात उड्या मारणारे डीएनएचे तुकडे घुसवून पाहिले. या कामातून असे काही जीवाणू हाती लागले, की ज्यांच्यात ‘मेक-ए’ शाबूत होते, पर्यायी विकरही तयार होत होते, आणि तरीही मेथिसिलिनपुढे ते टिकाव धरू शकत नव्हते. बिघाड दुसरीकडेच होता. त्या जनुकांना ‘फेम’ म्हणजे मेथिसिलिन-प्रतिकारासाठी आवश्यक घटक असे नाव मिळाले; ‘फेम-ए’चे वर्णन १९८९ साली प्रसिद्ध झाले. ही जनुके पुलाच्या बांधकामाची होती.

या बांधकामातील कामाची वाटणी मोठी काटेकोर आहे. भिंतीची वीट अजून पेशीच्या आत, पटलाला चिकटलेली असतानाच फेम-एक्स तिच्या लायसिनवर पहिले ग्लायसिन बसवते. दुसरे आणि तिसरे फेम-ए, चौथे आणि पाचवे फेम-बी. एकाचे काम दुसरे करीत नाही. फेम-बी नसेल तर पूल तीन ग्लायसिनांवर अडतो. फेम-ए नसेल तर एकावरच, आणि तो जीवाणू जेमतेम तग धरतो. फेम-एक्सविना तो जगतच नाही, हे १९९९ साली दिसून आले.

नवलाची गोष्ट म्हणजे यासाठी लागणारा कच्चा माल. एरवी अमिनो आम्ले एकापुढे एक जोडण्याचे काम रायबोसोमचे. वाहक आर-एनए त्याला ती आणून देतात. फेम विकरे याच वाहकांवरचे ग्लायसिन उचलतात, पण रायबोसोमला आणि जनुकीय संकेताला पूर्ण बगल देऊन. ग्लायसिनच्या या प्रवासातील आर-एनएची भूमिका अमेरिकेत जॅक स्ट्रॉमिंजर यांच्या गटाने १९६५ सालीच दाखवून दिली होती. स्टॅफिलोकॉकसजवळ तर ग्लायसिनचे काही वाहक असे आहेत, की ते प्रथिननिर्मितीकडे फारसे फिरकतच नाहीत. त्यांची नेमणूक जणू भिंतीच्याच कामावर.

औषधाच्या माऱ्यात नेहमीची विकरे निकामी झाली, की गाठी मारण्याची जबाबदारी त्या पर्यायी विकरावर येऊन पडते. आखूड पूल त्याला चालत नाहीत, असे दिसते. न्यूमोनियाच्या स्ट्रेप्टोकॉकसची कथाही याच वळणाची आहे. त्याच्याकडे ‘मेक-ए’ नाही. तो स्वतःचीच विकरे बदलून पेनिसिलिनला चुकवतो. पण फांदी घालणारे त्याचे ‘मुर-एम’ हे जनुक निकामी केले, तर पेनिसिलिनला झालेला प्रतिकार नाहीसा होतो, असे रॉकफेलर विद्यापीठात सर्जिओ फिलिपे आणि अलेक्झांडर टोमाझ यांना २००० साली आढळले.

तेव्हा फेम विकरांना रोखणारे रसायन सापडले, तर जुनी, स्वस्त औषधे पुन्हा कामी येऊ शकतील, ही आशा स्वाभाविकच होती. फेम-ए चा त्रिमिती आराखडाही २००२ साली हाती आला. मात्र या विकरांवर चालणारे कोणतेही औषध आजवर रुग्णांपर्यंत पोहोचलेले नाही. पेशीत शिरून वाहक आर-एनएशी स्पर्धा करणारा रेणू घडवणे सोपे नाही.

निसर्गात मात्र या पुलावर वार करणारे हत्यार आधीच आहे. १९६४ साली वर्णिलेले लायसोस्टॅफिन हे विकर ग्लायसिनांचा पूल मधोमध तोडते. ते तयार करणारा जीवाणू स्टॅफिलोकॉकसचाच भाऊबंद. स्वतःचा बचाव करण्यासाठी तो फेमसारखेच एक विकर वापरून आपल्या पुलात काही ठिकाणी ग्लायसिनऐवजी सेरिन बसवतो. एमआरएसएदेखील लायसोस्टॅफिनपासून निसटू शकतो. पण प्रयोगांत त्यासाठी त्याने फेम-ए गमावून पूल आखूड केला, तेव्हा मेथिसिलिनविरुद्धचा त्याचा प्रतिकारही त्याबरोबरच गेला.